माकडताप : माकड नव्हे, गोचीड

सिंधुदुर्गात काजूचा हंगाम आणि माकडतापाचा हंगाम एकदमच येतात. १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात हा आजार पहिल्यांदा ओळखला गेला. पुढे तो गोव्यात सत्तरी तालुक्यात पोचला आणि २०१६मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात. तरी अजून लोक म्हणतात, "आमका माकड खंय चावला?"

माकड चावून हा ताप येतच नाही. माकड स्वतःच त्याचा बळी असतं. ते मेलं की अंगावरच्या गोचिडी खाली पाचोळ्यात उतरतात आणि काजू वेचणाऱ्या, लाकूडफाटा आणणाऱ्या माणसाला लागतात. एका माणसाकडून दुसऱ्याला मात्र हा आजार होत नाही, त्यामुळे रुग्णाला वाळीत टाकण्याचं काहीच कारण नाही.

"गोचीड चावली असती तर कळलं असतं," हा त्याहून घातक समज. गुरांच्या कानामागे दिसते ती फुगलेली गोचीड वेगळी. माणसाला बहुधा चावतं ते गोचिडीचं पिल्लू, खसखशीच्या दाण्याएवढं, आणि चावा दुखतही नाही. लाल चट्ट्याची वाट पाहू नका. ती खूण युरोप-अमेरिकेतल्या लाइम आजाराची.

चावल्यानंतर साधारण ३ ते ८ दिवसांनी अचानक थंडी वाजून ताप भरतो. कपाळ ठणकतं, कंबर-पिंढऱ्या मोडून येतात, डोळे लाल होतात, उलट्या-जुलाब होतात. काहींच्या नाका-हिरड्यांतून रक्त येतं. प्लेटलेट कमी होतात, म्हणून आधी डेंगूच आठवतो. डेंगूचा रिपोर्ट निगेटिव्ह आला की "व्हायरल असेल" म्हणून विषय संपतो. इथेच खरी चूक होते, कारण माकडतापाची आरटी-पीसीआर तपासणी पहिल्या काही दिवसांतच उपयोगी पडते.

ताप उतरला म्हणजे सुटलो, असंही नाही. १० ते २० टक्के रुग्णांना आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा ताप येतो. या वेळी डोकं भयंकर दुखतं, हात थरथरतात, नजर अंधूक होते, माणूस बरळतो. घरच्यांना तो अशक्तपणा वाटतो. पण आजार मेंदूपर्यंत गेल्याची ही लक्षणं आहेत, अशा वेळी तडक रुग्णालय गाठावं.

नेमकं औषध नाही हे खरं, म्हणून उपचार नाहीत असं नव्हे. सलाईन आणि रक्तस्रावावर वेळीच लक्ष यांनी बहुतेक जण बरे होतात. शंभरात तीन ते पाच दगावतात. दुखतंय म्हणून ॲस्पिरिन मात्र घेऊ नका, त्याने रक्तस्राव वाढतो.

जंगलातून आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करा, कपडे उकळत्या पाण्यात टाका. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा. आणि ताप आला तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता स्वतःहून सांगा, "मी काजूच्या बागेत गेलो होतो."