केसांची गोळी आणि लांबलेला पाळणा

२०२५च्या जानेवारीत आपल्या शेजारी, बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यात लोकांचे केस काही दिवसांतच हातात यायला लागले, ते तुम्ही वाचलंच असेल. आपल्या जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तेव्हा गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. म्हणजे मंडळी, केस गळण्याची कारणं अनेक असतात. आपली पोरं मात्र कारण न बघता मेडिकलवर जाऊन फिनास्टराइड मागतात.

ही गोळी चालते ती वंशपरंपरेनं पडणाऱ्या टकलावर. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डीएचटी नावाचं हार्मोन बनतं आणि त्यानं केसांची मुळं बारीक होत जातात. गोळी ते बनणं अडवते. अमेरिकेत १९९२ साली ती प्रोस्टेटसाठी ५ मिलिग्रॅममध्ये आली, केसांसाठी १९९७ साली १ मिलिग्रॅममध्ये. औषध वाईट नाही. पण काहींना कामेच्छा कमी होणं, ताठरता न येणं असे त्रास होतात. बहुतेकांचे गोळी थांबवल्यावर जातात. काहींचे राहिले अशा तक्रारी आल्या, म्हणून २०१२ साली अमेरिकेत माहितीपत्रकातच ते लिहायला लावलं. मन खूप उदास राहायला लागलं, तरी लगेच डॉक्टरांना सांगायचं बरं का.

आपल्याकडचा खरा घोळ वेगळाच आहे. स्थळं बघायला लागले की गोळी सुरू होते. लग्न होतं, गोळी चालूच, आणि बायकोलाही पत्ता नसतो. दोन वर्षं पाळणा हलत नाही. मग तपासण्या आधी कुणाच्या? सुनेच्या! डॉक्टर नवऱ्याला विचारतात, काही औषध चालू आहे का? तो म्हणतो, नाही. केसांची गोळी त्याला औषध वाटतच नाही.

टोरांटोत २०१३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मूल होत नाही म्हणून आलेल्या सुमारे ४,४०० पुरुषांपैकी २७ जण ही गोळी घेत होते. ती थांबवल्यावर त्यांचे शुक्राणू सरासरी अकरा पटींहून जास्त वाढले. माणसं सत्तावीसच, हे ध्यानात घ्या. गोळी घेणाऱ्या प्रत्येकाचे कमी होतात असं नाही. पण ज्याचे मुळातच कमी, त्याला हा फरक मोठा. नवे शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात. तेव्हा आधी नवऱ्याची वीर्यतपासणी, मग डॉक्टरांना विचारून गोळी बंद, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. खर्च थोडाच आहे.

आणि घरात गरोदर बाई असेल तर तुटलेली गोळी तिच्या हाताला लागू देऊ नका. पोटात मुलगा असला तर त्याच्या जननेंद्रियांची वाढ बिघडू शकते.