हत्ती आणि टेलरचे सूत्र

आफ्रिकेत हत्तींची शिकार करणाऱ्या जॉन टेलरने १९४८ साली एक सूत्र मांडले: गोळीचे वजन (ग्रेन), वेग (सेकंदाला फूट) आणि व्यास (इंच) यांचा गुणाकार, भागिले ७०००. ऊर्जेच्या गणितात वेगाचा वर्ग येतो, म्हणून हलकी, वेगवान गोळी कागदावर फार बलाढ्य दिसते. ते त्याला पटत नव्हते. या हिशेबात .४७० नायट्रो एक्सप्रेस काडतुसाला सुमारे ७३ गुण, ७ मिलिमीटर माउझरला जेमतेम १६. तरीही 'करामोजो' बेल या शिकाऱ्याने शेकडो हत्ती याच छोट्या काडतुसाने पाडले! कवटीत मेंदू नेमका कुठे, हे त्याला पक्के ठाऊक होते. टेलरचे गुण सांगतात ते मेंदू थोडक्यात हुकल्यावर हत्ती किती भोवंडेल, एवढेच. हरणांसाठी ते वापरणे मला चूकच वाटते. तिथे गोळी शरीरात कशी पसरते हे निर्णायक, आणि सूत्रात त्याला जागाच नाही.