सुकलेल्या पानाला मुळं फुटतात तेव्हा…

मध्य अमेरिकेतल्या पनामा देशात, पश्चिमेकडच्या डोंगरांत फोर्टुना नावाचं राखीव जंगल आहे. धुकं आणि पाऊस तिथे पाचवीलाच पुजलेले. त्या जंगलात एक वृक्षनेचा वाढतो, सायाथिया रोहासियाना. नाव घेताना जीभ अडखळली तरी चालेल, पण त्याची करामत नीट ऐका हं!

नेचे तुम्ही पाहिले असतीलच. पावसाळ्यात विहिरीच्या कठड्यावर, जुन्या भिंतीच्या फटीत उगवतात ना, तेच. वृक्षनेचा त्यांच्यातलाच, फक्त याला खोड असतं आणि खोडाच्या माथ्यावर लांबच लांब पानं पसरलेली असतात. फूल नाही, फळ नाही, बीसुद्धा नाही. बीजाणूंवर याचा वंश चालतो.

आंब्याचं पान पिकलं की गळून पडतं. या नेच्याचं पान सुकून तपकिरी झालं तरी खोडाला लोंबकळतच राहतं. लोंबता लोंबता त्याचं टोक जमिनीला टेकतं. हिरवा भाग कधीच मेलेला असतो, तो कुजून झडतो. उरतो नुसता मधला दांडा आणि त्याच्या शिरा. आता गेलं बिचारं, असं वाटतं ना? पण टोकाजवळची माती हलकेच उकरून पाहिली, तर तिथे बारीक बारीक मुळांचं जाळं असतं. मेलेल्या पानाला मुळं!

पान हिरवं असताना पाणी खोडाकडून टोकाकडे जायचं. आता त्याच शिरांमधून ते उलटं, मातीतलं पोषण घेऊन खोडाकडे जातं. इलिनॉय विद्यापीठाचे जेम्स डॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची खात्री करून घेतली. या मुळांना त्यांनी नायट्रोजनचा एक वेगळा, ओळखू येईल असा जड प्रकार दिला. तो झाडात पोचलेला सापडला. 2024 साली त्यांनी हा शोध जाहीर केला आणि या पानांना ‘झाँबी पानं’, म्हणजे मेल्यावरही काम करत राहणारी पानं, म्हटलं.

तुम्ही म्हणाल, पानफुटीच्या पानालाही मुळं फुटतात की! फुटतात, पण तिथे नवीन रोप तयार होतं. इथे सुकलेलं पान आपल्या जुन्या झाडालाच भरवतं.

एवढा खटाटोप कशासाठी? तिथली माती ज्वालामुखीतून आलेल्या खडकाची आणि फार निकस. जे काही पोषण आहे तेही विखुरलेलं, इथे चिमूटभर, तिथे चिमूटभर. खोडाला जागा सोडून जाता येत नाही. पानं मात्र चारी बाजूंना वाकतात आणि जिथे टेकतील तिथलं वेचतात.