श्रीवर्धनप्रांतीं मातीचे कोट कसे ओळखावे

कोट म्हटला कीं तासलेले चिरे, बुरूज व दरवाजा हेंच चित्र आपल्यापुढें उभें राहतें. बाणकोट व जंजिरा यांनीं ही समजूत दृढ केली आहे. परंतु दगडी तट हा मोठ्या खर्चाचा मामला. लहान सत्ताधाऱ्यास खंदक खणून त्याचीच माती आंतल्या अंगास रचणें परवडे. कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत हाच विधि सांगितला आहे: खंदकाच्या मातीचा वप्र करावा, तो हत्तीबैलांकडून तुडवून घ्यावा व वर काटेरी झुडपें लावावीं. इंग्लंडांत नॉर्मनांनीं १०६६ नंतर उभारलेल्या माती-लांकडाच्या कित्येक कोटांचे आज गवताळ उंचवटेच उरले आहेत.

श्रीवर्धनच्या टापूंत वस्ती जुनी आहे. दिवेआगरचा मराठी ताम्रपट शके ९८२ (इ. स. १०६०) चा, म्हणजे जंजिऱ्याचा दगडी तट उठण्यापूर्वीं कित्येक शतकें तेथें गांव नांदत होतें. अशा गांवांच्या संरक्षणाची खूण जमिनीवर शोधणें युक्तच होय. अडचण एवढीच कीं, कोंकणच्या पावसांत मातीचा तट झिजून नुसता बांध उरतो, आणि बांध तर येथें पावलोपावलीं आहेत.

त्यांत सर्वांत फसवा खारबांध. खाडीचें पाणी अडवून खाजणांत भात पिकविण्यासाठीं घातलेला हा बांध दुरून थेट तटासारखा दिसतो. पण तो भरतीच्या रेषेला धरून चालतो, त्यास उघाडी असते, आणि त्याच्या आड शेत असतें, वस्ती नव्हे. चिऱ्यांची जुनी खाण खंदकासारखी भासते. मात्र तिच्या कडा उभ्या तासलेल्या असतात. तळ्याचा बांध उताराच्या बाजूसच असतो. कोटाचा बांध फिरून स्वतःस मिळतो, किंवा कड्यास अथवा खाडीस जाऊन भिडतो. खंदक बाहेर, तट आंत. पाहणी वैशाखांत, सूर्य कलतां करावी. तिरप्या उन्हांत हातभर उंचवटाही सावली टाकतो.

शेतांच्या नांवांवर एकट्यावर विसंबूं नये. 'गड' ऐकतांच धांवणाऱ्या मंडळींनीं ध्यानीं ठेवावें कीं, कोंकणांत आवाराभोंवतींच्या दगडी कुंपणास गडगा म्हणतात!

खरी साक्ष कागदांची. श्रीवर्धनची देशमुखी पेशव्यांच्या भट घराण्याकडे होती. अशा वतनांच्या कागदांत, महजरांत व खरेदीखतांत जमिनीची चतुःसीमा लिहिण्याचा प्रघात असे. तींत खंदक, बुरूज किंवा जुना कोट असा एखादा शब्द आला, तर संशयित बांधाचा निकाल तेथेंच लागेल. पण संग्राहकांचें लक्ष शिक्क्यांवर व मोठ्या नांवांवर. नक्कल करतांना चतुःसीमा 'वगैरे' म्हणून गाळली जाते. ही चाल आम्हांस फार नुकसानीची वाटते, कारण बागांसाठीं व घरांसाठीं जमीन सपाट झाल्यावर बांध पुन्हा पाहावयास मिळत नाहीं. ज्यांच्या दप्तरांत या प्रांताचे कागद असतील त्यांनीं चारही दिशांचा मजकूर, शेताचें नांव व मिति अक्षरशः उतरून घ्यावी.