चिनी अक्षर आधी हाताला कळते

चिनी माणसाला एखाद्या नावातले अक्षर नेमके कोणते असे विचारले, तर तो पुष्कळदा तळहातावर बोटाने ते भराभर लिहून दाखवतो. अक्षर आठवत नसेल तर बोट हवेत फिरवून बघतो. बोटाला आठवले की त्यालाही आठवते! हजारो अक्षरांची ही लिपी माणसाच्या डोक्यात मावते कशी, याचे मोठे उत्तर त्या बोटात आहे.

चीनच्या अभ्यासक्रमानुसार पहिली-दुसरीच्या मुलांना सुमारे १६०० अक्षरे ओळखता आणि ८०० लिहिता यायला हवीत. सहा-सात वर्षांच्या मुलांनी नुसते पुस्तकात बघून हे व्हायचे नाही. म्हणून तिथे अक्षर हाताळायला देण्याची रीत फार जुनी आहे. अकराव्या शतकातले विद्वान ओउयांग श्यू चार वर्षांचे असताना त्यांचे वडील वारले. घरची गरिबी, आईने उंच गवताची काडी घेऊन जमिनीवर अक्षरे काढली आणि मुलाला शिकवले. सोंग राजवटीतला हा थोर लेखक आणि इतिहासकार असा धुळाक्षरांवर घडला.

आज काडीच्या जागी वाळूचा ट्रे आला, मऊ माती आली, सुतळी आणि कडधान्ये आली. मला सर्वांत मोह पडतो तो पाण्याने लिहायच्या कापडाचा. साध्या पाण्यात बुडवलेला कुंचला त्यावर फिरवला की काळीभोर रेघ उमटते आणि थोड्या वेळाने सुकून नाहीशी होते. चुकलेली रेघही तशीच विरून जाते, त्यामुळे मूल चुकायला घाबरत नाही.

सुरुवातीची अक्षरे तर अंगानेच शिकता येतात. हात पसरून, पाय फाकवून उभे राहा: झाले ‘मोठा’, म्हणजे ‘दा’. डोक्यावर एक आडवी रेघ धरली की ‘आकाश’. काड्यांचे एक झाड ‘मू’, दोन झाडे ‘लिन’ म्हणजे वनराई, तीन झाडे ‘सन’ म्हणजे दाट अरण्य. झाडाशेजारी माणूस ठेवला तर ‘विसावा’!

पण अशी चित्रासारखी अक्षरे थोडीच. बहुतेक अक्षरांत एक भाग अर्थाची दिशा दाखवतो आणि दुसरा उच्चाराची. खरी जादू इथे आहे. ‘छिंग’ हा हिरव्या-निळ्या रंगाचा भाग पुठ्ठ्यावर कापून मधोमध ठेवा. डावीकडे पाण्याचे तीन थेंब लावले की ‘नितळ’, सूर्य लावला की ‘निरभ्र’, हृदय लावले की ‘भावना’, आणि वाणीची खूण लावली की ‘कृपया’. उच्चार चारही वेळा ‘छिंग’च, फक्त सूर बदलतो. तुकडे सरकवता सरकवता मुलाला लिपीची अख्खी रचना सापडते.

मात्र सगळेच हस्तकाम सारखे उपयोगी नाही. छापील अक्षरात रंग भरणे किंवा त्यावर वाटेल तसे वाल चिकटवणे, यात बोटे गुंततात पण अक्षर हाती लागत नाही. चिनी अक्षराला रेघांचा क्रम असतो: वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आडवी आधी आणि उभी नंतर. चौकटीच्या अक्षरात आतले सामान भरून झाल्यावरच तळाची रेघ ओढायची. शिक्षक मुलांना सांगतात, माणसे आत आली की मग दार लावा. सुतळी असो वा माती, ती याच क्रमाने मांडायला हवी. बीजिंगच्या शाळकरी मुलांवरचा एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात मुलांच्या वाचनाचे नाते ध्वनींच्या जाणिवेपेक्षा लिहिण्याच्या कौशल्याशी कितीतरी घट्ट आढळले. हाताला क्रम पाठ झाला की डोळ्याला अक्षर वाचता येऊ लागते.

घरात लहान मूल असेल तर आजच ताटात रवा पसरा आणि ‘शान’, म्हणजे पर्वत, गिरवून बघा. आधी मधली उंच उभी रेघ. मग डावीकडे खाली उतरून तळाशी उजवीकडे वळणारी रेघ, एका दमात. शेवटी उजवीकडची छोटी उभी रेघ. तीन शिखरे उभी राहतील. ताट हलवून ती पुसा आणि काडी मुलाच्या हातात द्या.