पाळणा आणि काळीज
— तृतीय वर्ष, कला

गेल्या वर्षी गावच्या जत्रेत आमच्या मामांनी आकाशपाळण्याचे तिकीट काढले आणि घरच्या मंडळींत एकच गोंधळ उडाला. मामांची बायपास होऊन तेव्हा दोन वर्षे होत आली होती. मामी म्हणाल्या, "तुम्ही खाली उतरेपर्यंत माझ्या जिवात जीव नसेल." तिकीटखिडकीजवळ पाटी होती : 'हृदयविकार असणाऱ्यांनी बसू नये.' मामांनी ती वाचली आणि मला विचारले, "अरे, माझा विकार तर डॉक्टरांनी दुरुस्त केला. मग ही पाटी माझ्यासाठी आहे का?"

मला उत्तर देता आले नाही. कला शाखेच्या विद्यार्थ्याने वैद्यकात नाक खुपसू नये हे खरे. परंतु प्रश्न मनातून जाईना. म्हणून थोडे वाचले, थोडे जाणकारांना विचारले. त्याचे सार येथे देत आहे.

प्रथम पाळण्यात बसल्यावर शरीराचे काय होते ते पाहू. जर्मनीतील मानहाइम येथील डॉक्टरांनी ५५ निरोगी माणसांना रोलर कोस्टरमध्ये बसवून त्यांच्या हृदयाची नोंद घेतली. हा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. बसण्यापूर्वी मिनिटाला सरासरी ९१ असलेले ठोके प्रवासात १५३ पर्यंत गेले. विशेष म्हणजे, याचे मुख्य कारण वेग नसून भीती व मानसिक ताण हे होते, असे त्या डॉक्टरांचे मत पडले. भीती वाटताच रक्तात एड्रिनॅलिन उतरते, नाडी धावू लागते, रक्तदाब चढतो. हृदयाला प्राणवायू जास्त लागतो, आणि तोही आयत्या वेळी. निरोगी हृदय हा भार सहज पेलते. आधी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी, उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी आणि पेसमेकर बसवलेल्यांनी मात्र अशा गाडीत बसू नये, असा सल्ला त्यांनी दिला.

दुसरी गोष्ट वजनाची. गाडी उतारावरून येऊन तळाशी वळते तेव्हा आपले वजन जणू कित्येक पटींनी वाढते. चौपट झाले तर ६० किलोच्या माणसाला क्षणभर २४० किलोंचा भार जाणवतो. रक्त पायांकडे ओढले जाते आणि मेंदूपर्यंत ते पोचवण्यासाठी हृदयाला जास्त जोर लावावा लागतो.

आता मामांच्या प्रश्नाकडे वळू. 'हृदयाची शस्त्रक्रिया' हा शब्द एक असला तरी शस्त्रक्रिया अनेक आहेत. बायपासमध्ये रोग कापून काढत नाहीत. तुंबलेल्या रोहिणीला वळसा घालून रक्ताला नवी वाट करून देतात. रस्ता नवा झाला, पण रोहिण्या कठीण करणारा मूळ रोग शरीरात राहतोच. शिवाय त्यासाठी छातीचे मधले हाड उभे कापून पुन्हा तारेने बांधलेले असते. ते नीट जुळायला दोन ते तीन महिने लागतात. त्या काळात छातीवर दाबून बसणारा दांडा किंवा जोराचा हिसका मुळीच नको.

कृत्रिम धातूची झडप बसवलेल्या रुग्णाची अडचण निराळी. झडपेवर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून त्याला रक्त पातळ ठेवणारे औषध कायम घ्यावे लागते. इतरांना जो धक्का किरकोळ, तोच डोक्याला बसल्यास त्याला आतल्या आत रक्तस्राव होऊ शकतो. पेसमेकरवाल्याच्या खांद्याखाली यंत्र आणि नाजूक तारा असतात. खांद्यावरचा पट्टा नेमका तेथेच दाबतो. काही आधुनिक गाड्यांना शक्तिशाली चुंबकांनी वेग देतात किंवा थांबवतात. तेथे यंत्राच्या कामात व्यत्यय येण्याची शक्यता असते.

आपल्या मुंबईत के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९६८ साली हृदयारोपण केले, तेव्हा रुग्ण काही तासच जगला. आज हृदयावर शस्त्रक्रिया झालेली माणसे वर्षानुवर्षे आपल्यात वावरतात, शेती करतात, नातवंडांना जत्रेला नेतात. म्हणून मामांचा प्रश्न एकट्या मामांचा नाही. या माणसांना जन्मभर काचेच्या भांड्यासारखे जपणे हाही अन्यायच. आणि "मला काही होत नाही" म्हणून पाटीकडे पाठ फिरवणे हा वेडेपणा.

मग मधला मार्ग कोणता? आपल्या डॉक्टरांना संकोच न करता विचारणे. नुसते "पाळण्यात बसू का?" असे न विचारता पाळणा कोणता, किती वेगाचा, उलटा फिरतो काय, हे सांगून विचारावे. चालत्या पट्ट्यावरची चाचणी करून हृदय किती भार सोसते याचा अंदाज डॉक्टरांना घेता येतो. त्यांनी परवानगी देईपर्यंत पाटी आपल्यासाठीच आहे असे समजावे. छातीत दुखणे, धाप, घेरी यांपैकी काही होत असेल तर त्या दिवशी विषयच सोडावा. आणि आपली शस्त्रक्रिया सोबत्यांपासून लपवू नये. प्रसंग आला तर धावणारे तेच असतात.

मामांनी त्या दिवशी तिकीट माझ्या हातात ठेवले. पुढे त्यांनी डॉक्टरांना विचारले. चाचणीनंतर संथ आकाशपाळण्याला होकार मिळाला, गरगर फिरवणाऱ्या व उलटे करणाऱ्या पाळण्यांना स्पष्ट नकार. यंदाच्या जत्रेत मामा नातीला घेऊन वर गेले. मामी खाली उभ्या होत्या. पाळणा थांबेपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही.