व्हिएतनामचा व्हिसा घरबसल्या मोबाईलवर. पण नाव पासपोर्टप्रमाणेच टाका, नाहीतर विमानतळावरून माघारी

जत : तालुक्यातील एका ड्रॅगन फ्रूट उत्पादक शेतकऱ्याला पत्नीसह व्हिएतनामला जायचे होते. तिकडे बिन्ह थुआन भागात बागेत रात्रभर दिवे लावून बिगरहंगामी फळ काढतात, ते डोळ्यांनी बघायचे होते. दोघांचे व्हिसा त्यांनी स्वतःच मोबाईलवर काढले. पण मुंबई विमानतळाच्या काउंटरवर पत्नीला थांबवण्यात आले. पासपोर्ट लग्नाआधीचा, त्यावर माहेरचे नाव. व्हिसाचा फॉर्म मात्र आधार कार्ड समोर ठेवून भरलेला, म्हणजे सासरच्या नावाने. विनवण्या करून उपयोग झाला नाही. दोघेही रात्रीच्या गाडीने गावी परत. तिकिटाचे पैसे गेले ते गेलेच.

अशी चूक कुणाच्याही हातून होऊ शकते. त्यामुळे हा फॉर्म नेमका कसा भरायचा ते नीट समजून घेतलेले बरे.

व्हिसा म्हणजे त्या देशाने आपल्याला आत येण्यासाठी दिलेली परवानगी. पासपोर्ट आपले सरकार देते, व्हिसा समोरचे सरकार. पूर्वी त्यासाठी वकिलातीत कागद पाठवावे लागत. व्हिएतनामने १५ ऑगस्ट २०२३ पासून सगळ्या देशांच्या नागरिकांना ऑनलाईन ई-व्हिसा खुला केला आणि मुदतही ९० दिवसांपर्यंत वाढवली. एकदाच आत जायचे असेल तर फी २५ डॉलर, त्याच मुदतीत पुन्हा पुन्हा ये-जा करायची असेल तर ५० डॉलर. २५ डॉलर म्हणजे आपले दोन हजार रुपये आणि वर थोडे. अर्ज नामंजूर झाला किंवा चुकला तर ही फी परत मिळत नाही.

पहिली अडचण फॉर्म उघडायच्या आधीच येते. गुगलवर 'व्हिएतनाम व्हिसा' टाकले की वरच्या बाजूला जाहिराती दिसतात. त्यातल्या बऱ्याच साईट खासगी एजंटांच्या असतात. झेंडा, शिक्का, सगळे सरकारी वाटावे असेच. काही एजंट काम खरोखर करून देतात, पण दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. काही नुसती पासपोर्टची माहिती गोळा करतात. सरकारी साईट ओळखायची खूण एकच, पत्त्यातले नाव 'डॉट गव्ह डॉट व्हीएन' असेच संपले पाहिजे. आपल्याकडे सरकारी साईटला 'गव्ह डॉट इन' असते ना, तसेच. शेवटी 'डॉट कॉम' किंवा 'डॉट ओआरजी' दिसले तर मागे फिरा.

फॉर्म भरायच्या आधी दोन फोटो तयार ठेवा. एक पासपोर्टच्या माहितीच्या पानाचा आणि दुसरा स्वतःच्या चेहऱ्याचा. पासपोर्टचे पान टेबलावर सपाट ठेवून दिवसाच्या उजेडात फोटो काढावा. त्या पानाच्या खाली बाणासारख्या खुणांच्या दोन ओळी असतात, त्या पूर्ण आल्या पाहिजेत. अंगठ्याने त्या झाकल्या किंवा प्लास्टिकवर उजेड चमकला तर अर्ज अडकतो. स्वतःचा फोटो पांढऱ्या भिंतीपुढे, चष्मा काढून, समोर बघून. टोपी नको. घरातला लग्नाच्या अल्बममधला फोटो कापून चालत नाही.

पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी.

आता नावाचे. मराठी माणसाचे नाव तीन भागांचे असते, आणि इथेच घोटाळा होतो. पासपोर्टवर 'सरनेम' या रकान्यात आडनाव असते. 'गिव्हन नेम' या रकान्यात स्वतःचे नाव आणि बहुतेकदा वडिलांचे किंवा पतीचे नाव असते. फॉर्ममध्येही तसेच दोन रकाने आहेत. पासपोर्टवर जे ज्या रकान्यात आहे ते अक्षर न अक्षर तसेच उतरवायचे. आधारवर स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्त असेल, सातबारावर वेगळे असेल, ते सगळे बाजूला ठेवा. विमानाचे तिकीटही याच नावाने काढायचे. लग्न झालेल्या बायकांनी पासपोर्टवर माहेरचे नाव असेल तर माहेरचेच टाकावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. नाव बदलायचेच असेल तर आधी पासपोर्ट नवीन करून घ्यावा, मग व्हिसा. आपल्याकडे लहान मुलांचा पासपोर्ट वेगळा असतो, म्हणून त्यांचा अर्जही वेगळा भरावा लागतो.

तारखेचेही तसेच. मुंबईहून रात्री निघालेले विमान दुसऱ्या दिवशी तिकडे उतरते. व्हिसाची तारीख उतरायच्या दिवसाला लागू झालेली असली पाहिजे. एक दिवस आधी पोहोचलात तरी आत घेत नाहीत. मुदत ९० दिवसांपर्यंत मागता येते, मग आठ दिवसांच्या सहलीसाठी मोजून आठच दिवस कशाला मागायचे? मागेपुढे थोडी जागा सोडावी. कोणत्या विमानतळावर उतरणार तेही विचारतात. हो ची मिन्ह शहराचे विमानतळ 'तान सन न्हात' या नावाने, हनोईचे 'नोई बाई' या नावाने यादीत सापडते. राहायचा पत्ता म्हणून हॉटेलचा पत्ता टाकावा.

पैसे भरताना बरेच जण अडकतात. इथे नेहमीसारखा क्यूआर स्कॅन करून फोनपे करायचे नसते. व्हिसा किंवा मास्टरकार्ड छापलेले डेबिट-क्रेडिट कार्ड लागते (या कार्डावरच्या 'व्हिसा'चा प्रवासाच्या व्हिसाशी काही संबंध नाही, ते कंपनीचे नाव आहे). रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नव्या कार्डावर परदेशी व्यवहार आधी बंदच असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते चालू करावे, मर्यादा कमी ठेवावी आणि काम झाले की परत बंद करावे.

अर्ज गेला की एक नोंदणी क्रमांक मिळतो. त्याचा स्क्रीनशॉट काढाच, शिवाय वहीत लिहून ठेवा. क्रमांक, ईमेल आणि जन्मतारीख टाकून निकाल साईटवर बघायचा असतो. सांगायला तीन कामाचे दिवस, पण शनिवार-रविवार आणि तिकडच्या सुट्ट्या त्यात धरत नाहीत. त्यांचे नवे वर्ष 'तेत' जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत येते, तेव्हा कार्यालये बरेच दिवस बंद असतात. त्यामुळे दोन-तीन आठवडे आधी अर्ज केलेला बरा. निकाल आल्यावर पीडीएफ उतरवून पासपोर्टशेजारी ठेवा आणि नाव, नंबर, जन्मतारीख बोट ठेवून ताडून बघा. चूक असेल तर तिकिटाच्या तारखेआधी नवा अर्ज भरता येतो. दोन रंगीत प्रिंट काढून एक वेगळ्या पिशवीत ठेवावी.

आणखी एक. गावातल्या पोरांना 'टुरिस्ट व्हिसावर चल, तिकडे नोकरी लावतो' असे सांगणारे फिरतात. हा व्हिसा फिरण्याचा आहे, कामाचा नाही. अशा नोकरीच्या नावाखाली कंबोडिया, लाओस, म्यानमारमध्ये नेऊन भारतीय तरुणांना ऑनलाईन फसवणुकीच्या अड्ड्यांत डांबल्याचे प्रकार घडले आहेत आणि परराष्ट्र मंत्रालयाने त्याबद्दल सूचनाही काढल्या आहेत. परदेशी नोकरीचा एजंट नोंदणीकृत आहे का, ते सरकारच्या ई-मायग्रेट साईटवर बघता येते. ऑनलाईन पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करावा. जितका उशीर, तितके पैसे सापडणे अवघड.

त्या जोडप्याने दुसरा अर्ज पासपोर्ट समोर ठेवून भरला. पत्नीने एकेक अक्षर वाचून दाखवले, नवऱ्याने टाईप केले. फी पुन्हा भरावी लागली. पाचव्या दिवशी व्हिसा आला, माहेरच्या नावाने.